शेजारच्या दुकानातली मोफत वाइन टेस्टिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाइनच्या दुकानात एखाद्या संध्याकाळी पाच-सहा बाटल्या उघडतात, येणाऱ्या प्रत्येकाला त्यातली थोडी थोडी चाखायला देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. पहिल्यांदाच जाणाऱ्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत. आपल्या दुकानात अशी संध्याकाळ ठेवायची असेल तर त्याची माहिती शेवटाकडे आहे.

मोफत म्हणजे खरोखर मोफत? मग दुकानाला काय मिळतं?

खरोखर मोफत. 750 मिलीच्या एका बाटलीतून 30 मिलीचे 25 घोट निघतात, म्हणजे एका बाटलीच्या खर्चात पंचवीस जणांना तिची ओळख होते. बऱ्याचदा बाटल्या वितरकाकडून किंवा थेट वाइनरीकडून आलेल्या असतात. कपाटासमोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक सहसा ओळखीच्या लेबलाकडेच हात नेतं, पण चाखायला मिळालं तर अनोळखी बाटलीही घेतं. दुकानाचा फायदा तो, आणि तो उघड आहे.

टेबलावर काय मांडायचं हे मात्र दुकान ठरवतं, हे ध्यानात ठेवावं. ‘याच बाटल्या का निवडल्या?’ असं जरूर विचारावं. नीट विचार करून मांडलेल्या टेबलामागे काहीतरी सूत्र असतं: एकाच द्राक्षाच्या दोन प्रदेशांतल्या वाइन, एकाच वाइनरीची दोन वेगवेगळी वर्षं, ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली आणि न मुरवलेली शार्डोने (पांढऱ्या द्राक्षाची एक जात). असं सूत्र असलेली संध्याकाळ कधीही चुकवू नये.

चाखल्यावर विकत घ्यावीच लागते का?

नाही. एकही बाटली न घेता आभार मानून निघालात तरी चालतं. तीच वाइन तिसऱ्यांदा मागणं, ग्लास भरून मागणं, टेबलाला चिकटून उभं राहणं हे मात्र बरं नाही. घोट घेतला की दोन पावलं बाजूला व्हावं.

मला वाइनमधलं काहीच कळत नाही. मी जावं का?

त्यासाठीच जावं. घरी एक बाटली उघडली तर ती आवडली की नाही एवढंच कळतं. का, ते कळत नाही, कारण शेजारी ठेवून पाहायला दुसरी नसते. दोन वाइन शेजारी आल्या की फरक आपोआप पुढे येतो: ही जास्त आंबट, ती जास्त तुरट, हिची चव गिळल्यावरही रेंगाळते, तिची लगेच विरते. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारत राहायचं, ‘आधीच्या वाइनपेक्षा हिच्यात काय जास्त आणि काय कमी?’ मुरलेले चाखणारेही हेच करतात, फक्त तुलनेसाठी त्यांच्या आठवणीत जास्त वाइन साठलेल्या असतात.

शब्दांची घाई करू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत ॲन नोबल यांनी 1980 च्या दशकात वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. आत मोठे गट, बाहेर जावं तसे बारीक वास: फळ, मग लिंबूवर्गीय फळ, मग ग्रेपफ्रूट. त्यात ‘उमदी’, ‘तोलदार’ असे मोघम शब्द मुद्दाम ठेवलेले नाहीत. आपणही तसंच करावं. ‘फळाचा वास येतोय’ इथपर्यंत पोचलात तरी ती सुरुवात आहे. पुढची पायरी ‘लाल फळ की काळं?’

एका वेळी किती ओततात? चढेल का?

साधारण 25 ते 50 मिली. हिशोब सरळ आहे. सहा वाइन, प्रत्येकी 30 मिली, मद्यांश 13 टक्के धरला तर पोटात सुमारे 18 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, म्हणजे 150 मिलीच्या भरल्या ग्लासापेक्षा थोडं जास्त. ओत 50 मिलीचा असेल तर तेच 30 ग्रॅमच्या वर जातं. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निचरा करतं, त्यामुळे दीड तासाच्या संध्याकाळी ते मागेच पडतं. छोट्या घोटांमुळे अंदाज चुकतो हीच खरी अडचण. ग्लास कधीच भरलेला दिसत नाही, म्हणून आपण फारसं प्यायलोच नाही असं वाटतं.

वाहन चालवायचं असेल तर फक्त चाखून थुंकणंही पुरेसं धरू नये. तोंडाच्या आतल्या त्वचेतून आणि नकळत गिळलेल्या थेंबांतून थोडं अल्कोहोल जातंच. जाण्या-येण्याची दुसरी सोय करूनच निघावं.

थुंकणं असभ्य दिसत नाही का?

टेस्टिंगमध्ये नाही. दिवसाला पन्नास-शंभर वाइन तपासणारे व्यावसायिक सगळ्याच थुंकतात, नाहीतर पंधराव्या ग्लासनंतर त्यांच्या निर्णयाला अर्थच उरणार नाही. टेबलावरचं किंवा कोपऱ्यातलं खोलगट भांडं त्याचसाठी असतं. ग्लासमध्ये उरलेली वाइनही त्यातच ओतायची. नाही आवडली म्हणून ओतून दिली तर कुणाला वाईट वाटत नाही.

तंत्र असं: भांड्याच्या जवळ वाका, ओठांचा लहानसा चंबू करा, गालांनी दाब देऊन एकदम बारीक धार सोडा. ओठ सैल राहिले की हनुवटीवर ओघळतं. घरी बेसिनमध्ये पाण्याने आठ-दहा वेळा करून पाहिलं की जमतं. लाल वाइनच्या दिवशी पांढरे कपडे नकोत.

जाण्याआधी काय टाळावं?

परफ्यूम, अत्तर, तीव्र वासाचं क्रीम. याचा त्रास तुम्हाला कमी आणि शेजारच्यांना जास्त होतो, कारण आपल्या अंगावरच्या वासाला आपलं नाक लवकर सरावतं. दात घासल्यावर किमान तासभर जाऊ द्यावा. टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक काही काळ गोडी दाबतो आणि आंबट गोष्टी कडू लावतो. कॉफी, तंबाखू, पुदिन्याची गोळी यांचंही तेच. खूप तिखट खाल्लं असेल तर अल्कोहोलची जळजळ वाढते आणि तुरटपणा बोचतो. रिकाम्या पोटी मात्र जाऊ नये. सर्दी झाली असेल तर सरळ पुढच्या वेळी जा, कारण नाक बंद असेल तर वाइनचं फक्त आंबट, गोड, कडू, तुरट एवढंच उरतं.

चाखायचं नेमकं कसं?

ग्लास दांड्याला धरा. वरच्या फुगीर भागाला हात लावला की वाइन गरम होते आणि काचेवर ठसे उमटून रंग नीट दिसत नाही. ओतून घेण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. पुठ्ठ्याच्या खोक्याचा, साबणाचा किंवा फडक्याचा वास आला तर ग्लास बदलून मागा. पुष्कळदा वाइनवर घेतलेला आळ खरं तर ग्लासचा असतो.

मग पाहा. ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर धरा आणि कडेचा रंग बघा. लाल वाइन वय वाढेल तशी कडेला विटकरी होत जाते, पांढरी गडद सोनेरी होते. त्यावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

वास घ्यायची पाळी सर्वांत महत्त्वाची. आधी न हलवता एकदा हुंगा, सर्वांत हलके वास तेव्हाच मिळतात. मग ग्लास टेबलावर टेकवूनच गोल फिरवा. हवेत फिरवण्याचा अट्टहास नको, शेजाऱ्यावर सांडते. नाक आत घालून दोन-तीन छोटे झटके घ्या, एकच लांब श्वास नको. नाक काही श्वासांतच त्या वासाला सरावतं, म्हणून पहिल्या ठशावर विश्वास ठेवा. वास येईनासा झाला तर स्वतःच्या बाहीचा वास घेऊन परत या.

आता घोट. दोन छोटे चमचे, साधारण 10 मिली, पुरतो. तो जिभेवर, गालांत, हिरड्यांवर सगळीकडे फिरवा. जिभेच्या टोकाला गोड आणि कडेला आंबट हा जुना नकाशा चुकीचा आहे, सगळ्या चवी जवळपास सगळीकडे कळतात. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. त्याने वास घशामागून नाकात चढतो आणि ज्याला आपण चव म्हणतो ती बहुतेक तिथेच कळते. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या आणि मग चिमूट सोडा.

थुंकल्यावर किंवा गिळल्यावर मनात सेकंद मोजा. चांगली चव दहा सेकंदांहून जास्त टिकली तर ती गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. फक्त कडवटपणा किंवा जळजळ टिकली तर ते मोजू नका.

आंबट, तुरट, गोड यांत माझा गोंधळ होतो.

आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं. थुंकल्यावर मान खाली घाला. लाळ भराभर सुटत असेल तर वाइन आंबट आहे. तुरटपणा उलट करतो, हिरड्या आणि गाल कोरडे पडतात, बिनदुधाच्या कडक चहासारखे. साली, बिया, देठ आणि ओकच्या पिंपातून आलेली टॅनिन नावाची संयुगं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि लाळेचा बुळबुळीतपणा काढून घेतात, म्हणून असं होतं.

गोडीत बहुतेकांची फसगत होते. पिकल्या फळाचा वास आला की मेंदू साखर गृहीत धरतो, प्रत्यक्षात वाइनमध्ये साखर जवळपास नसते. युरोपीय नियमांत साध्या वाइनवर ‘ड्राय’ (म्हणजे गोड नसलेली) लिहायचं तर साखर सहसा लिटरला 4 ग्रॅमपर्यंत असते, आणि आंबटपणा पुरेसा असेल तर 9 ग्रॅमपर्यंत चालते. स्पार्कलिंगच्या (बुडबुड्यांच्या वाइनच्या) बाटलीवर ‘ब्रूट’ असेल तर 12 ग्रॅमपेक्षा कमी. तेव्हा ‘मला गोड आवडत नाही’ म्हणण्याआधी नाक बंद करून एक घोट घ्या आणि जिभेला विचारा.

कोणत्या क्रमाने चाखावं?

स्पार्कलिंग, हलकी पांढरी, भारदस्त पांढरी, रोझे (गुलाबी), हलकी लाल, भारदस्त लाल, आणि शेवटी गोड. कारण एकच: नंतरची वाइन आधीच्या वाइनखाली दबू नये. गोड वाइननंतर ड्राय घेतली तर ती बिचारी उगाच आंबट आणि पोकळ लागते. उशिरा पोचलात म्हणून मधूनच सुरू करू नका, पहिल्या बाटलीपासून घ्या.

दोन वाइनच्या मध्ये काय खावं? ग्लास धुवायचा का?

साधा पाव किंवा बिनमिठाची बिस्किटं, आणि पाणी. चीज ठेवलेलं असेल तर आधी त्याशिवाय चाखा. चीजमधली चरबी आणि प्रथिनं तुरटपणा झाकतात, त्यामुळे साधी लाल वाइनही मऊ लागते. वाइनच्या धंद्यात जुनं सांगणं आहे की खरेदी करावी सफरचंदाबरोबर आणि विक्री करावी चीजबरोबर. सफरचंद वाइनचे दोष उघडे पाडतं.

ग्लास पाण्याने विसळला की तळाशी पाणी राहतं आणि 30 मिलीच्या ओतात ते जाणवतं. पुढच्या वाइनचे काही थेंब घालून फिरवून टाकून देणं बरं. गोड वाइननंतर मात्र ग्लास बदला.

ग्लासच्या आतून ओघळ उतरतात ती चांगल्या वाइनची खूण का?

नाही. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल पाण्याआधी उडतं, उरलेल्या द्रवाचा पृष्ठताण वाढतो, तो खालून आणखी वाइन वर ओढतो आणि वजन झालं की थेंब ओघळतात. अभियंता आणि भौतिकशास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी 1855 मध्येच हे मांडलं होतं. ओघळांवरून फार तर मद्यांशाचा अंदाज येतो.

वाइन बिघडलेली आहे हे कसं ओळखायचं, आणि सांगायचं कसं?

सांगायलाच हवं. संकोचाने दहा जण गप्प बसतात आणि अकराव्याला वाटतं की ही वाइन अशीच असते. ‘ही बाटली एकदा तपासाल का?’ एवढं म्हणणं पुरतं.

नेहमी आढळणारा एक दोष बुचाचा. ओला पुठ्ठा, दमट तळघर असा वास येतो आणि फळाचा वास गायब होतो. याला कारण टीसीए नावाचं संयुग, लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या प्रमाणातही ते नाकाला कळतं. प्रमाण अगदी कमी असेल तर पुठ्ठ्याचा वासही येत नाही, वाइन नुसती मुकी वाटते. असा दोष पकडायचा तर त्याच वाइनची दुसरी बाटली उघडून शेजारी ठेवणं हाच खात्रीचा उपाय. ग्लास थोडा वेळ ठेवला तर हा वास कमी होत नाही, उलट वाढतो. प्रकृतीला त्याने काही होत नाही. बूच हुंगून मात्र हे ठरत नाही. बूच हुंगलं तर बुचाचाच वास येतो, तपासायची असते ती वाइन.

हवा लागून उतरलेली वाइन तपकिरीकडे झुकते, डागाळलेल्या सफरचंदासारखी लागते. कालपासून फ्रिजबाहेर उघडी असलेली बाटली पुन्हा मांडली की हे घडतं. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला तर आम्लं वाढलेली आहेत. उकळलेल्या जॅमसारखी चव आणि बाटलीतून थोडं वर सरकलेलं बूच म्हणजे बाटली कुठेतरी उन्हात किंवा गरम गोदामात तापली.

सडलेल्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास आला तर घाई करू नका. बाटलीत हवा फारच कमी मिळाली की गंधकाची संयुगं साठतात. स्क्रू कॅपच्या बाटल्यांतही हे दिसतं. मिनिटभर जोरात फिरवलं की बऱ्याचदा तो उडून जातो. पाच मिनिटांनंतरही राहिला तर तो दोष.

तळाशी काचेसारखे खडे दिसले. काच तर नाही?

काच नाही. ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात. वाइन बराच काळ थंड राहिली की तळाशी बसतात, आणि ते निरुपद्रवी आहेत.

सल्फाइटमुळे डोकं दुखतं म्हणतात.

युरोप आणि अमेरिकेत लिटरमागे 10 मिलिग्रॅमपासून पुढे सल्फाइटचा (वाइन टिकवणाऱ्या गंधकाच्या संयुगांचा) उल्लेख लेबलवर करावा लागतो, म्हणून तो जवळपास प्रत्येक बाटलीवर दिसतो आणि दोष त्याच्या माथी बसतो. पण पांढऱ्या वाइनमध्ये सल्फाइट सहसा लालपेक्षा जास्त असतात, आणि डोकेदुखीची तक्रार मात्र लालबद्दल जास्त येते. दमा असलेल्या काहींना सल्फाइटचा खरोखर त्रास होतो, त्यांनी जपावं. बाकीच्यांनी आधी अल्कोहोलचं प्रमाण आणि किती पाणी प्यायलो याकडे पाहावं.

काही दुकानं बाटल्या कागदात गुंडाळून ठेवतात, ते कशासाठी?

लेबल, किंमत आणि रंग आपल्या जिभेला हुकूम सोडतात म्हणून. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना बिनवासाचा लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, आणि त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. झाकलेल्या बाटल्यांची सर्वांत गाजलेली परीक्षाही एका वाइन दुकानदारानेच घेतली होती: पॅरिसमध्ये दुकान असलेले स्टीव्हन स्परियर यांनी 24 मे 1976 रोजी फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत शातो मॉन्टेलेनाची 1973 ची शार्डोने आणि लालमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची 1973 ची कॅबर्ने (लाल वाइनच्या द्राक्षाची एक जात) पहिली आली. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या.

अशी संधी मिळाली तर आधी आपला क्रम कागदावर लिहा, मगच शेजाऱ्याशी बोला. कुणी ‘स्ट्रॉबेरी’ म्हटलं की सगळ्यांना स्ट्रॉबेरी येऊ लागते.

नोंदी काय ठेवाव्यात?

लेबलचा फोटो, एक ओळ आणि ‘पुन्हा घेईन / नाही’. त्या ओळीत तुलना असू द्या: ‘दुसरीपेक्षा आंबट, तुरट कमी, काळ्या मिरीचा वास.’ वर्षही लिहा, कारण तीच वाइन दुसऱ्या वर्षाची निराळी निघते.

दुकानात आवडलेली वाइन घरी तशी लागली नाही. फसवलं का?

बहुधा नाही. सर्वांत आधी तापमान तपासा. घरच्या फ्रिजमध्ये साधारण 4 अंश सेल्सिअस असतं. त्यात पांढरीचा वास गोठतो आणि आंबटपणा तेवढा पुढे येतो. ओतण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. लालचं उलट: 25 अंशांच्या खोलीत अल्कोहोल नाकात जातं. तिला काही वेळ फ्रिजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांवर आणा. हलक्या लालला 13-14 अंशही चालतात.

दुसरं कारण म्हणजे दुकानातली बाटली तास-दोन तास आधी उघडलेली होती, तुमची आत्ताच. तरुण, तुरट लाल वाइनला एवढ्यानेही फरक पडतो. तिसरं, टेबलावर तिच्या आधी काय चाखलं होतं? फिक्या वाइननंतर आलेली मध्यम वाइनही भरदार वाटते. म्हणून विकत घेण्याआधी मन बसलेल्या वाइनकडे एकदा परत जा आणि पाण्याने तोंड स्वच्छ करून दुसरा लहान घोट मागा. तेवढं कुणीही देतं.

आमच्या दुकानात अशी संध्याकाळ ठेवायची आहे. तयारी काय?

पहिलं काम परवान्याचं. बंद बाटल्या विकण्याची परवानगी आणि जागेवर ओतून देण्याची परवानगी अनेक ठिकाणी वेगळी असते. मोफत देण्यावर, प्रमाणावर, वेळेवरही मर्यादा असू शकते. तारीख जाहीर करण्याआधी लेखी विचारून घ्या.

चाळीस पाहुणे आणि 30 मिलीचा ओत धरला तर प्रत्येक वाइनच्या 1,200 मिली लागतात, म्हणजे दोन बाटल्यांच्या आत. तरी तीन ठेवा. एक बुचाने बिघडली तर बदली हवी आणि दुसरा घोट मागणारे असतातच. वाइन सहाच्या वर नेऊ नका. त्यापुढे पाहुण्यांची जीभ थकते आणि शेवटी मांडलेल्या सर्वांत चांगल्या वाइनचंच नुकसान होतं. मोजून ओतणारं बुच लावा, अंदाजाने ओतणारा हात संध्याकाळ चढते तसा सैल होतो.

प्रत्येक बाटली पाहुणे येण्याच्या तासभर आधी उघडून स्वतः चाखा, दुसरी उघडाल तेव्हा तीही. हे एक काम चुकलं तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

ग्लाससाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं 1977 चं प्रमाण चांगलं आहे: ट्यूलिपसारखा आत वळलेला, सुमारे 215 मिलीचा, त्यात 50 मिलीपर्यंतच ओत. माणशी एक आणि वर पंचवीस टक्के जादा ठेवा. धुतल्यावर साबणाचा अंश राहिला तर स्पार्कलिंगचे बुडबुडे मरतात. थंड करायला बर्फात पाणी घाला. नुसत्या बर्फात मधे हवा राहते आणि बाटली हळू गार होते. बर्फ-पाण्यात वीसेक मिनिटं पुरतात. स्पार्कलिंग 6 ते 8 अंशांवर, बहुतेक पांढऱ्या 8 ते 12 अंशांवर असाव्यात.

थुंकण्याची भांडी अपारदर्शक, जड बुडाची, आठ-दहा जणांमागे एक, आणि अर्धी भरली की लगेच रिकामी करा. भरलेलं भांडं दिसलं की लोक थुंकायचं सोडून गिळू लागतात. माणशी अर्धा लिटर पाणी ठेवा. फुलं, उदबत्ती, सुगंधी मेणबत्त्या खोलीत नकोत.

कुणी येऊच नये?

कायदेशीर वयाखालील मुलं, गरोदर स्त्रिया, मद्याबरोबर न चालणारी औषधं घेणारे आणि मद्य सोडलेले. ‘थोडीशीच’ म्हणून कुणालाही आग्रह करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित धरता येत नाही. वाइन चवीसाठी चाखावी, औषध म्हणून तिची भलामण करणाऱ्याचं ऐकू नये.

घरी आणलेली बाटली उघडल्यावर किती दिवस टिकते?

बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये, लालसुद्धा. पांढरी आणि रोझे तीन ते पाच दिवस, लालही साधारण तेवढीच, जुनी आणि नाजूक लाल मात्र दुसऱ्याच दिवशी उतरते. स्पार्कलिंगला तिचं खास चिमट्याचं झाकण लागतं, त्याने एक ते तीन दिवस निघतात. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काही उपयोग होत नाही. टॉनी पोर्टसारखी मद्यांश वाढवलेली वाइन काही आठवडे चांगली राहते. बाटली अर्धी झाली असेल तर उरलेली लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, वर जितकी हवा कमी तितकी ती जास्त टिकते.